विरोधात, कारणांसह

४ सप्टेंबर, सकाळी १०
आज ठरवलं. यापुढे डोळे झाकून होकार नाही.

पुढेमागे विसरलो तर म्हणून नोंद: लोकांच्या पेन्शनचे पैसे आमचा निधी कंपन्यांच्या शेअर्समध्ये घालतो आणि त्या कंपन्यांच्या ठरावांवर निधीतर्फे मत देतो मी. एकटा. नऊ वर्षांत एकदाही 'विरोधात' दाबलेलं नाही. भित्रा म्हणून नव्हे. 'बाजूने' दाबलं की काम संपतं; 'विरोधात' दाबलं की कारणांचा रकाना उघडतो. मुदतीत काहीच पाठवलं नाही तर मत आपोआप बाजूने जातं. ही सोय मीच सुचवली होती. शाबासकीचं पत्र आहे कपाटात.

५ सप्टेंबर
पंपवाल्या कंपनीची नोटीस आली. चेअरमन कारखाना बंद करून जमीन विकणार. कुणाला, तर स्वतःच्या जावयाच्या कंपनीला. निम्म्या भावात. कुंपणच शेत खातंय!

त्या कारखान्यात दादा फोरमन आहे. सत्तावीस वर्षं. मी शिकलो तो त्याच्या ओव्हरटाइमवर.

नियम पाहिला. चेअरमन आणि त्यांच्या गोतावळ्याला या ठरावावर मत नाही. उरलेल्यांत सगळ्यात मोठे आम्ही. म्हणजे मीच. दादाला फोन करून सांगितलं, निर्धास्त राहा, मत माझ्या हातात आहे. त्याने दोनदा विचारलं, नक्की ना? मग म्हणाला, तू आहेस म्हणून.

ऑफिसात आमच्या वरिष्ठ साहेबीणबाईंना दादाचं सगळं सांगून टाकलं. म्हणाल्या, लपवलं नाहीस हे बरं. भाव मीही पाहिलाय, विरोधातच दे. चार ओळी कारणं लिही आणि मोकळा हो.

चार ओळी!

९ सप्टेंबर
कारणं. पान चौथं. मोठ्या भागधारकांनी मालकासारखं वागावं की पाहुण्यासारखं, हा मूळ प्रश्न. सुरुवात शिडाच्या जहाजांपासून केली आहे. बायकोने वाचलं. म्हणाली, नमनालाच घडाभर तेल, जमीन कुठाय यात? जमीन सातव्या पानावर येणार आहे. ती दवाखान्यात केसपेपर काढते, तिथे सगळंच एका ओळीत असतं.

१६ सप्टेंबर, सकाळी ९:४०
ऑनलाइन मतदान सुरू. गुरुवारी पाचला बंद, शुक्रवारी भागधारकांची सभा. घोडामैदान जवळ आलं.

दादाचा फोन. त्याचं मत देऊन झालंसुद्धा. पंचवीस वर्षांच्या नोकरीबद्दल कंपनीने त्याला दहा शेअर दिले होते. पुतणीच्या मोबाइलवरून नऊ वाजून दहा मिनिटांनी 'विरोधात'. तुझं झालं का, विचारत होता. झालंच समज, म्हटलं.

हसू आलं. दहा शेअर! आमचे साठ लाख.

१७ सप्टेंबर
'विरोधात' दाबलं! नऊ वर्षांत पहिल्यांदा. कारणं चिकटवली, ड्राफ्ट सेव्ह केला. पाठवणारही होतो, पण शेवटचा परिच्छेद मिळमिळीत वाटतोय. उद्याचा अख्खा दिवस आहे.

दादाचे दोन फोन. उचलले नाहीत. तंद्री मोडते.

१८ सप्टेंबर, गुरुवार, दुपारी ४:१०
परिच्छेद जमतोय. 'आम्ही बांधील आहोत' की 'कटिबद्ध आहोत'?

४:४०
बांधील.

४:५२
कटिबद्ध. बांधीलमध्ये जोर नाही.

५:२०
जमलं! अकरा पानं. पुन्हा सेव्ह केलं. प्रिंट काढली, उद्या सभेत हेच वाचणार. इतकं हलकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

१९ सप्टेंबर, दुपारी
दादा आणि कारखान्यातली माणसं मागच्या रांगांत, इस्त्रीचे शर्ट घालून. मी बारा मिनिटं बोललो. मागून टाळ्या. दादाने शेजारच्याला कोपराने ढोसून माझ्याकडे बोट दाखवलं.

मग मतमोजणी. ठराव मंजूर. चोपन्न टक्के बाजूने.

मी दादाला सांगत होतो की यात नक्की गडबड आहे. तेवढ्यात चेअरमन स्वतः मागे आले, माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाले, विचार मौलिक आहेत तुमचे. आणि साठ लाख मतं आमच्या बाजूने दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. आम्ही तर आशा सोडली होती.

दादा शेजारीच उभा होता.

दुपारी ३:३०
ऑफिस. कॉम्प्युटर उघडला. अकरा पानं जशीच्या तशी. वर लिहिलंय: ड्राफ्ट. पाठवलेलं नाही.

त्या चोपन्नांत अकरा टक्के आमचेच. इकडचे तिकडे झाले असते तर ठराव पडला असता. सहा वेळा हिशेब केला. देवा, एक बटण होतं रे. दादाचे दहा मात्र वेळेत पोचले.

साहेबीणबाईंना काय सांगू? सिस्टिममध्ये दोष आहे असं एक टिपण लिहावं म्हणतो.

२० सप्टेंबर
टिपण लिहिलं नाही.

दादाचा फोन आला. रागावला असता तर बरं झालं असतं. महिनाअखेर गेटला कुलूप. शहराबाहेरच्या एका कारखान्यात जागा आहे, त्रेपन्न वर्षांच्या माणसाला घेतात का बघायचं. म्हणाला, अर्ज तेवढा तू लिहून दे, तुझं लिहिणं चांगलं आहे. एकच पान कर. आणि सोमवारी पाचच्या आत पाठव.

हो म्हटलं. सोमवारपर्यंत भरपूर वेळ आहे. फक्त सुरुवात कुठून करावी, ते ठरत नाहीये.