फोन कुणी धरला होता

दर्यापूर, जून २०२१

आदरणीय गावंडे मॅडम,

प्रवेशाच्या ऑनलाइन मुलाखतीत तुम्ही विचारलं होतं, “नर्सिंग स्वतःच्या इच्छेनं घेताय ना?” मी फोनच्या वर पाहिलं. मला एक्स-रे तंत्रज्ञ व्हायचं होतं. पण अकोल्याला माझं लग्न ठरलं होतं, आणि त्या लोकांना त्यांच्या दवाखान्यासाठी नर्सच सून हवी होती.

तुम्हाला शंका आली. “खोलीत दुसरं कुणी आहे का? फोन फिरवून दाखवा.”

फोन मामांनी धरला होता. ते तो घेऊन गोल फिरले. तुम्हाला चारही भिंती दिसल्या, मामा दिसले नाहीत. फिरता फिरता त्यांनी फोनचा माइक बंद केला आणि मला म्हणाले,

“हो म्हण ना वं, काहून अडून राहिली? मॅडमले नेटवर्क गेलं वाटन.”

माइक पुन्हा सुरू झाला आणि मी हो म्हणाले. तुम्ही म्हणालात, “छान.”

तुमचा दोष नाही. सध्या मी पडद्यावर पाहून उशीला इंजेक्शन देते आणि मला चांगले गुण मिळतात.

शाखा बदलायची असेल तर तुम्हाला कळवायचा आज शेवटचा दिवस आहे. म्हणून हे लिहिलं. पण पाठवायला घरात फोन एकच आहे, आणि तो मामांच्या हातात आहे.

तुमची विद्यार्थिनी,
रागिणी