जन्मभराची फ्रेम

३ जानेवारी
घेतली. अखेर घेतली. डाउनहिल माउंटन बाइकची फ्रेम, कार्बनची. सेकंडहँड, पण ओरखडा म्हणून नाही. डोंगरमाथ्यावरून दगडधोंड्यांतून सुसाट खाली यायचं, माणूसभर उंचीवरून उड्या मारायच्या, तरी हिला काही होत नाही. शिवाय कंपनीची लाइफटाइम वॉरंटी. बायको म्हणाली, हा तर नुसता सांगाडा, सायकल कुठंय? समजावलं की फ्रेम म्हणजे सायकलचा आत्मा. चाकं, सीट, ब्रेक नश्वर, ते सावकाश येतात. तर म्हणे आत्म्यावर बसून ऑफिसला जाणार का? दुर्लक्ष केलं.

पैशांसाठी तिची स्कूटर विकली. तात्पुरती. तिच्याच एक्स-रे सेंटरमधल्या रिसेप्शनिस्टने घेतली, म्हणजे घरातच राहिली म्हणायची. स्कूटर रोज झिजते, भाव रोज उतरतो. असली फ्रेम मात्र जपली तर चढतच जाते. मार्चअखेर दुप्पट भावात विकायची आणि बायकोला कोरी स्कूटर. एक एप्रिलपासून तिची पहाटेची शिफ्ट आहे, त्या वेळी बस नसते. तोवर स्कूटर दारात उभी करीन असा शब्द दिलाय. कन्येने तारीख पुन्हा विचारली आणि उगाच हसली.

बायकोची संमती आहे. ‘तुझं तू बघ’ म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणसाला अर्थ कळतो.

४ जानेवारी
संकल्प: रोज पहाटे टेकडीवर पळणे. फ्रेम डाउनहिल, तर मालकही हवा तसा.

५ जानेवारी
थंडी फार. शिवाय डाउनहिलमध्ये वर चढायचा संबंधच येत नाही. संकल्पात मूलभूत चूक होती, वेळीच लक्षात आली.

१४ जानेवारी
ऑफिस. मिक्सर कंपनीत तक्रार विभागात मी आहे म्हणून कंपनी टिकून आहे. ‘बिघाड अयोग्य हाताळणीमुळे झाला असल्याने वॉरंटी लागू होत नाही.’ हे वाक्य माझं. साहेबांना एवढं आवडलं की त्याचा शिक्काच करून घेतला. या वाक्याला पळवाट नाही. आज एक बाई जळकी मोटर घेऊन आल्या. म्हणाल्या, पुस्तिकेत लिहिलंय तसंच वापरलं हो. डोळ्यांत पाणी वगैरे. शिक्का मारला. लोकांना वस्तू जपता येत नाहीत, हेच खरं.

२ फेब्रुवारी
फ्रेम बेडरूममध्ये, दुलईत गुंडाळून. ऊन लागू नये म्हणून पडदे कायम बंद. बायकोला भरदुपारी दिवा लावून कपड्यांच्या घड्या कराव्या लागतात, त्यावर कुरकुर. कन्येने दप्तर टेकवलं म्हणून ओरडलो. ती म्हणाली की जी फ्रेम दगडांवर आपटून मोडत नाही, ती दप्तराने कशी मोडेल? हल्ली शाळेत काय शिकवतात कोण जाणे.

९ फेब्रुवारी
सायकलवाल्या मिस्त्रीला फ्रेम दाखवली. त्याने बोटांनी ठोकून बघितली, माल पक्का आहे म्हणाला. पण ही लहान चाकांची आहे. आता सगळ्यांना मोठी चाकं लागतात, या मापाचं सामान शोधत फिरावं लागेल. म्हणजे दुर्मिळ! मनात म्हटलं, याला स्वतःच्या दुकानातलं कळत नाही. पुढे म्हणाला की साहेब, चालवा हो, चालवायची वस्तू आहे, गुंडाळून ठेवून काय लोणचं घालणार? त्याला गुंतवणूक काय कळणार.

१७ फेब्रुवारी
बायकोच्या टाचेला फोड. सेंटरपासून बसस्टॉप लांब आहे. चालणं आरोग्याला चांगलं, असं सांगितलं. तिने पाय गरम पाण्यात बुडवले आणि टीव्हीचा आवाज वाढवला. मनाला लागलं. थोडं.

स्कूटरवरून ती मला रोज नाक्यापर्यंत सोडायची, हे विसरलो होतो. माझेही बूट झिजतायत.

६ मार्च
जाहिरात टाकली. भाव दुप्पट.

१२ मार्च
एकच फोन. याला दिवा टांगता येईल का, असं एका हॉटेलवाल्याने विचारलं. फोन आपटला. भाव दीडपट केला. घाबरून नव्हे, बाजाराचा अंदाज घ्यायला.

२० मार्च
घेतली त्याच भावात देतो असं लिहिलं. नफ्यापेक्षा माणूस जोडणं महत्त्वाचं.

२६ मार्च
गिऱ्हाईक! एक दाढीवाला, खरोखरचा डाउनहिलवाला. लहान चाकांची जुनी फ्रेमच हवीय म्हणाला, त्याच्याकडे चाकं पडून आहेत. रविवारी येतो. फक्त फ्रेमचे सगळ्या बाजूंनी फोटो आधी पाठवा म्हणाला.

बायकोला सांगितलं. कोणता रंग हवा ते विचारलं. निळा, ती म्हणाली, आणि जानेवारीनंतर पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली. ऊर भरून आला. मी तिला सुखात ठेवू शकतो. लोकांना हे दिसत नाही.

२८ मार्च
फोटोसाठी मिस्त्रीकडून सायकल-स्टँड आणला. देताना दोनदा बजावलं त्याने, स्टँडचा चिमटा सीटच्या दांड्यालाच लावा, फ्रेमच्या नळीला कधी लावू नका, कार्बनची पोकळ नळी आवळली की तडकते. पण सीटचा दांडा आहे कुणाकडे? मी आत्माच घेतलाय. मग नळीलाच लावला. चिमट्याखाली टॉवेल घातला, निष्काळजी नाही मी. फोटो काढताना फ्रेम सारखी फिरत होती, म्हणून चिमटा आवळला. पुन्हा फिरली. पुन्हा आवळला.

कट् असा आवाज आला. बहुधा टॉवेलचा.

२९ मार्च
टॉवेलचा नव्हता. नळीवर केसाएवढी रेघ. एखादा कड्यावरून उडी मारतो तरी हिला काही होत नाही, आणि माझ्या बैठकीच्या खोलीत, टॉवेलसकट… रेघेवर आमच्या मिक्सरचा स्टिकर लावला. छान दिसतो. फोटो पाठवले.

३० मार्च, रविवार
दाढीवाला आला. खिशातून नाणं काढून नळीवर टकटक करत सरकत गेला. टण, टण, टण. स्टिकरपाशी थप्. त्याने नाणं खिशात ठेवलं. चहा प्यायला, आमच्या घरी याच कंपनीचा मिक्सर आहे म्हणाला, आणि गेला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

तो गेल्यावर बायकोने स्टिकर सोलला, फ्रेम ट्यूबलाइटसमोर धरली. दिवसभर लोकांची हाडं बघते ती. हेअरलाइन फ्रॅक्चर, म्हणाली. प्लास्टर घालून उपयोग नाही. आणि पोळ्या करायला गेली.

३१ मार्च
काळजी नाही. लाइफटाइम वॉरंटी आहेच. ऑफिसातूनच फ्रेमच्या कंपनीला फोन लावला. मुलगी गोड बोलत होती. स्टँडवर तडा गेला म्हणालो. चिमटा कुठे लावला होता, एवढंच तिने विचारलं. खरं सांगून बसलो. मग ती म्हणाली की बिघाड अयोग्य हाताळणीमुळे झाला असल्याने वॉरंटी लागू होत नाही. म्हटलं, अहो मी टॉवेल घातला होता. तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, तितक्याच गोड आवाजात. फ्रेम सेकंडहँड आहे का, हे विचारायची तर तिला गरजही पडली नाही. मी पळवाट शोधून पाहिली. नाही.

जळक्या मोटरवाल्या बाई आठवल्या. शिक्का ड्रॉवरमध्ये टाकला. साडेतीनला साहेबांनी मागितला, काढून दिला.

१ एप्रिल, पहाटे
बायकोला सेंटरपर्यंत चालत सोडायचं म्हणून गजर लावून उठलो. मफलर बांधला, तिचा डबा हातात घेतला. माणसाने शब्द पाळावा, निदान पायी तरी.

तेवढ्यात खाली हॉर्न. ओळखीचा. खिडकीतून पाहिलं. बायकोची स्कूटर, वर रिसेप्शनिस्ट. हे कधी ठरलं, असं विचारलं. बायको चपला घालत म्हणाली की जानेवारीत. रिसेप्शनिस्ट भाव पाडून मागत होती, तेव्हाच अट घातली होती की पहाटेच्या शिफ्टला रोज न्यायचं.

मग निळा रंग कशाला सांगितलास, विचारलं.

तू इतका खूश होतास, ती म्हणाली. माझ्या हातातला डबा घेतला आणि गेली. स्वतःच्याच स्कूटरवर मागे बसून.

बेडरूमचा पडदा उघडलेला होता. फ्रेमवर तिचा धुतलेला ॲप्रन वाळत होता. मी तो काढला नाही.