नातेवाइकाची सही

३ फेब्रुवारी

प्रिय ठमाबाई,

अनेक आशीर्वाद. मेहुण्यांना नमस्कार आणि भाचीला गालगुच्चा. एकोणीस वर्षांची घोडी झाली तरी मामाचा गालगुच्चा चुकत नाही म्हणावं.

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, मध्येच रडायला लागतेस, म्हणून लिहितो. परवा छातीत दुखलं तेव्हापासून इस्पितळानं मला ठेवूनच घेतलंय. तीन रक्तवाहिन्या तुंबल्या आहेत, त्यातली एक जवळजवळ बंदच. अकरा तारखेला बायपास. पायातली शीर काढून छातीत बसवणार आहेत. बिचारी जन्मभर ऑफिसचे जिने चढली, आता उतारवयात तिला बढती.

तयारी जोरात आहे. रक्त पातळ करणारी गोळी बंद केली. तीन चेंडूंचं एक प्लॅस्टिकचं खेळणं दिलंय, नळीतून श्वास ओढून चेंडू वर चढवायचे. दोन चढतात, तिसरा ढिम्म हलत नाही. शेजारच्या मास्तरीणबाई रोज येऊन परीक्षा घेतात आणि नापास करून जातात. हे पत्रही त्याच कुरियरला देतील.

तुझी वहिनी असती तर तुला त्रास दिला नसता. पण नातेवाइकाची सही लागते, आणि माझी नातेवाईक म्हणजे आता तूच.

एक काम आहे. दहा तारखेला थेट इकडे न येता आधी घरी जा. किल्ली मास्तरीणबाईंकडे आहे. कपाटाच्या खालच्या खणात अगदी वर निळी फाईल आहे, तीत माझे जुने रिपोर्ट. तेवढीच आण. बाकीच्या फायलींना हात लावू नकोस, धुळीनं तुला शिंका येतात.

काळजी करू नकोस. मी मुळीच घाबरलेलो नाही. (हे तुझ्यासाठी लिहिलंय.)

तुझा
दादा


१२ मार्च

प्रिय ठमाबाई,

अनेक आशीर्वाद. नीट पोचलीस, मेहुणे तुझ्याविना वाळले नव्हते, हे वाचून बरं वाटलं.

इकडची खबर: सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस मिनिटं चालतो. कोपऱ्यावरच्या चांभाराला आता मी घड्याळासारखा उपयोगी पडतो. खोकला आला की उशी छातीशी आवळून धरतो. तू त्या उशीला ‘नवी वहिनी’ म्हणून गेलीस, ते मास्तरीणबाईंनी गल्लीभर केलंय. पायाची जखम सुकली. तो घट्ट मोजा मात्र मला एकट्याला चढवता येत नाही. तू कसा सर्रकन चढवायचीस! वजन उचलायचं नाही, काही ओढायचं नाही, ढकलायचं नाही. सरकारी नोकरीत सवय झालेलीच आहे.

तू बावीस दिवस राहिलीस. मला अंघोळ घातलीस, पाय धुतलास, माझी चिडचिड ऐकून घेतलीस. त्याबद्दल आभार मानले तर मारशील, म्हणून मानत नाही.

पण एक गोष्ट सारखी डोळ्यांपुढे येते. दहा तारखेची संध्याकाळ. ती धाकटी डॉक्टरीण फॉर्म वाचून दाखवत होती. जिवाला धोका, रक्तस्राव, पक्षाघात, काय काय. शेवटची ओळ, ‘वरील मजकूर मी वाचला आहे आणि मला समजला आहे.’ तू फक्त विचारलंस, “कुठे करायची?” आणि सही केलीस. हात जरासुद्धा हलला नाही. डोळे तेवढे लाल होते. मी म्हटलं, “अगं, अजून मेलो नाही, रडणं जपून वापर.” तू हसली नाहीस.

नंतर एकदा अंघोळीच्या वेळी मी “बाबांच्या वेळी...” असं काहीतरी सुरू केलं होतं. तू म्हणालीस, “दादा, आता बोलू नकोस, टाके दुखतील.” मी लगेच गप्प झालो. मला तेवढंच निमित्त हवं होतं.

त्याबद्दल लिहायचं होतं. पुन्हा कधीतरी. भाचीला आशीर्वाद.

तुझा
दादा


१४ मार्च

ठमे,

आज आशीर्वाद लिहीत नाही. आधी वाच.

सकाळी नवे रिपोर्ट निळ्या फायलीत लावायला बसलो. मला ओढायची मनाई, म्हणून खण मास्तरीणबाईंनी ओढून दिला आणि सहज म्हणाल्या, “त्या दिवशी ताई दोन तास आत होत्या बघा. मी चहाला हाक मारली तर आतूनच ‘नको’ म्हणाल्या. दारसुद्धा उघडलं नाही.”

निळी फाईल काढायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

तिच्या खाली बाबांची तपकिरी फाईल होती. फितीला मी सरगाठ मारतो, आमच्या रेकॉर्ड विभागातली. आज तिथे दोन पाकळ्यांचं फूल होतं. आई गेल्यावर तुझ्या वेण्यांना रिबिनी मीच बांधायचो आणि ते फूलही मीच तुला शिकवलं. त्या खणात दुसऱ्या कोणाचा हात गेलेला नाही.

म्हणजे तो संमतीचा फॉर्म तू पाहिलास. बाबांचं नाव, ऑपरेशनचं नाव, तेही बायपासच, तारीख, आणि नातेवाइकाच्या सहीची जागा कोरी. कागदावर नाही ते आता मी सांगतो.

‘वय झालंय, डॉक्टरच नको म्हणतात,’ असं मी तुला फोनवर सांगितलं होतं. ते खोटं होतं. डॉक्टर म्हणाले होते, करून घ्या, शंभरातले पंच्याण्णव स्वतःच्या पायांनी घरी जातात. सोमवारी सही करून आणा. पैसे होते, रजा शिल्लक होती. मी मात्र उरलेल्या पाचांचाच विचार करत बसलो. बाबा टेबलावरच गेले असते तर ते माझ्या सहीनं गेले असं झालं असतं. दिवसाला चाळीस सह्या ठोकणारा मी, ती एक मला झाली नाही. मी भ्यालो. दुसरं काही कारण नाही.

बाबा बाहेर बाकावर बसले होते. “काय रे, काय म्हणाला?” मी म्हटलं, “गोळ्यांनी होईल म्हणाले.” केवढे खूश झाले! “सुटलो बुवा,” म्हणाले, आणि वाटेत मला सोडा पाजला. मी तो प्यालो.

पुढे अकरा महिने ते चार उशा लावून बसल्या बसल्या झोपले. उशा मी लावायचो. तू आधी पोटुशी, मग बाळंतीण, तुला येता येत नव्हतं. फोनवर म्हणायचीस, “दादा, तू आहेस म्हणून मला घोर नाही.” सगळ्यांनी मला नावाजलं, मुलगा असावा तर असा. मी ते ऐकून घेतलं. एकदाही ‘नाही’ म्हटलं नाही.

मनाची समजूत घातली होती की एवढं मोठं ऑपरेशन बाबांना सोसलंच नसतं. एकोणीस वर्षं त्या समजुतीवर काढली. आता माझं झालं. चौथ्या दिवशी मी चाललो. पाचव्या दिवशी चहा गार आहे म्हणून नर्सशी भांडलो. ठमे, ते सोसण्यासारखं आहे. बाबांचं वय तेव्हा माझ्या आजच्या वयाहून दोन वर्षांनी कमीच होतं. हा हिशेब मी इस्पितळात पडल्या पडल्या केला आणि भिंतीकडे तोंड केलं. तुला वाटलं, मला झोप लागली.

आणि तू सगळं वाचून दोन तास त्या खोलीत बसलीस, मग निळी फाईल घेऊन आलीस आणि माझ्यासाठी सही केलीस. मी वर तुझ्या डोळ्यांची थट्टा केली. बावीस दिवस तू माझा पाय धुतलास आणि अवाक्षर काढलं नाहीस. दोन शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं, असं आत्ता मनात आलं. बघ, अजून मी माझं ओझं तुझ्यावरच ढकलतोय.

आणखी एक. फाईल आणायला मास्तरीणबाईंनाही सांगता आलं असतं. मी तुला सांगितलं, वर बाकीच्यांना हात लावू नकोस असंही लिहिलं. नको म्हटलेलंच तू करतेस, हे मला तू चार वर्षांची असल्यापासून ठाऊक आहे. जिवंत परत आलो नाही तर तुला कळावं, आणि मला तोंडानं सांगावं लागू नये, असं दोन्ही मला हवं होतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हेसुद्धा तुझ्याच गळ्यात मारलं.

माफी मागत नाही. ती ज्यांची मागायची ते सोडा पाजून गेले. तुझ्यापुढे मला फक्त खरं बोलायचं होतं, आणि त्यालाही उशीर झाला.

दोन एप्रिलला तपासणी आहे. सोबत कोणीतरी हवं म्हणतात. मास्तरीणबाई यायला तयार आहेत, त्यामुळे अडणार नाही. तू ये, असं म्हणायला जीभ रेटत नाही. पण त्या दिवशी मी दाराकडे बघत बसेन, हेही खरं.

बाबांचा फॉर्म सोबत पाठवतो आहे. सहीची जागा कोरीच आहे. तिथे आता काही लिहायचा मला अधिकार नाही. इथे लिहितो.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला आहे, वाचला आहे आणि मला समजला आहे.

दादा