डाळिंबी रंगाचं दुसरं टोक

३ फेब्रुवारी
तलवाडा सोडून धारूरला बिऱ्हाड थाटलं. खिडकीसमोर किल्ल्याची टेकडी. संध्याकाळी आभाळ असं पेटतं की वर्गात कविता म्हणताना डोळ्यांपुढे यायचं ते हेच. आमच्या सौ. सुंदरबाई डबे लावायचं सोडून खिडकीत उभ्या राहिल्या, अंगावर डाळिंबी लुगडं. मी फोटो काढला आणि बेत ठरला: नात सायलीसाठी हे चित्र हलतं करायचं. पाट्या रंगवणाऱ्या शेजारच्या इलियासभाईंनी संगणकात त्यासाठीचं फुकटचं सॉफ्टवेअर घालून दिलं.

५ फेब्रुवारी
रंगछटा ही मोठी गोड गोष्ट. दोन टोकांना दोन रंग ठेवायचे, मधले सगळे संगणक भरतो. पडद्यावरचं पळत्या माणसाचं चिन्ह दाबून टोकं सरकवली की रंग वाहू लागतो. फोटोतल्या लुगड्याचा डाळिंबी उचलला. दुसरं टोक रिकामंच राहिलं. इलियासभाई हसून म्हणाले, गुरुजी, रिकामं म्हणजे पारदर्शक, वहिनींचं लुगडं हवेत चाललं की. मला तेच आवडलं. संध्याकाळही अशीच विरत जाते. राहू दिलं.

७ फेब्रुवारी
दोरीवरचं लुगडं पांढरंफटक. सुंदरबाईंनी इथल्या पाण्याला बोल लावला, रंग कच्चा निघाला म्हणाल्या. सायलीच्या बापाच्या बारशाचं लुगडं, आज कच्चं? दिवसभर या खोलीतून त्या खोलीत येरझाऱ्या. मन रमवायला त्यांचे केस, बांगड्या, कपाळ, हात चित्रात भरले. दुसरी टोकं तशीच, रिकामी.

८ फेब्रुवारी
हिरव्या बांगड्या आज बिनरंगी काचेच्या. केस रंग उडालेल्या दोऱ्यासारखे. मी बघतच राहिलो, तशा म्हणाल्या, "कावून असं बघता? नवी नवरी हाय का मी?"
हसलो. आता कळलं, मी काय करून बसलोय.

९ फेब्रुवारी
इलियासभाईंना बोलावलं. त्यांनी फाइल पुसली, वायरही काढली, म्हाताऱ्या डोळ्यांचे खेळ म्हणाले. तेवढ्यात सुंदरबाई चहा घेऊन आल्या. त्यांच्या बोटांच्या आरपार कपाचा कान दिसत होता.
इलियासभाई चहा न घेताच गेले.

१० फेब्रुवारी
कपाळातून भिंतीवरचा खिळा दिसतो. आरसा लपवलाय. कणीक मळताना म्हणाल्या, हाताला परात लागंना.
जवळचं अंधुक दिसतं त्यांना, म्हणून अजून कळलेलं नाही.

११ फेब्रुवारी
वायर जोडली. पुसलेलं चित्र चालूच आहे — थांबत नाही. दुसरं टोक भरायला हवं. डाळिंबी ठेवला, टिकत नाही. टेकडीचा मातकट ठेवला — नाही. माणसाचा रंग लागतो बहुतेक. घरात माणूस —

१२ फेब्रुवारी
स्वतःचा फोटो काढला. माझ्या कपाळाचा रंग उचलून तिच्या कपाळाच्या टोकाला ठेवलं.
आत डोकावलो, तिच्या कपाळातून दिसणारा खिळा दिसेनासा झाला. रंग टिकला.
केस दिले. डावा हात दिला. आत परात वाजली — लागली तिला, लागली परात —
उजवा लिहायला ठेवला होता. पण तिची एका हाताची बोटं अजून —
दिला.
उरलेलं अंगही दिलं, सदऱ्यासकट. पेन चालतंय. धरणारं दिसत नाही.
दारात आली. सगळी, सावळी, पिठाच्या हातांची. खुर्चीकडे बघून म्हणते, "अहो, कुठं गेलता?"
इथंच आहे. सुंदर, मी इथं