नापसंत खोपा

४ जुलै १९७१
सुप्याचे पाहुणे घर बघून गेले. संताप अजून उतरलेला नाही. मुलीचे वडील मास्तर आले, त्यांचे भाऊ आले, इथवर ठीक. पण एसटीतून मागोमाग मुलगीच उतरली! लीला. गेल्या महिन्यात आम्ही तिला बघून आलो, पोहे खाल्ले, पसंती कळवली. आता तिच्याकडच्या पुरुषांनी येऊन घर-शेत बघायचं, ही रीत. मुलगी स्वतः घर बघायला आल्याचं अख्ख्या काष्टीत कुणी ऐकलेलं नाही. मास्तर म्हणाले, "राहायचं तिला आहे, म्हणून म्हटलं चल."

तात्यांनी विहिरीवर नवी मोटार चालू करून दाखवली. तिनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ चुलीपाशी गेली. काळ्या भिंती बघितल्या, आईचे लाल डोळे बघितले. मग न्हाणी. दार नाही, पोत्याचा पडदा. तो दोन बोटांनी उचलून बघितला. चार एकर बागायत आमची, आणि हिनं काय बघावं तर पोतं.

७ जुलै
विहिरीवरच्या बाभळीला सुगरण पक्ष्यांनी खोपे बांधायला घेतलेत. बांधतो नर, पिवळ्या डोक्याचा. गवताची पाती चिरून आणतो, विणतो. अर्धा झाला की त्यालाच लटकून पंख फडफडवतो, ओरडतो, या बघा म्हणून. आज एक मादी आली. आत डोकं घातलं, एक काडी ओढून पाहिली, भुर्र. स्वतः एका काडीला हात लावायला नको, वर ऐट. त्या बिचाऱ्याचं फार वाईट वाटलं.

१० जुलै
बाजारात मास्तरांचे भाऊ तात्यांना भेटले. निरोप असा: "पोरगी म्हनती, मानसं चांगली हायती. पन घरात धूर लई हाय, न्हानीला दार न्हाई. बगू म्हनली."
बघू म्हणे. मी काय बाजारातला बैल आहे?
तात्या म्हणाले, "सोड तिचा नाद. श्रीगोंद्याची पोरगी हाय की. मान वर करीत न्हाई."
खरं सांगायचं तर बघायला गेलो तेव्हा लीलाने मलाच उलट विचारलं होतं, तुम्ही काय वाचता? तिथंच ती मला आवडली. म्हणून तर राग जास्त.

१५ जुलै
त्याच नराला आज दुसरीनंही नाकारलं. गड्यानं खोपा अर्धवट सोडला आणि शेजारच्या फांदीवर नवा सुरू केला. काही स्वाभिमान?
सुताराला न्हाणीचं दार सांगून आलो. दार आपल्याच घराला लागतं. तिचा काही संबंध नाही.

१९ जुलै
दार बसलं. आप्पा चुलते मुद्दाम थांबले. "काय रं दत्तू, नवरी यायच्या आदीच?" तोंड फिरवून आत आलो.
चुलीवरच्या भिंतीत खिडकी पाडायला उद्या गवंडी येतोय. तात्या भडकले. "एका पोरीपायी बापाची भिंत फोडतो व्हय?" जेवले नाहीत. श्रीगोंद्याच्या लोकांना रविवारी यायचा निरोपही धाडला, मला न विचारता. माझं लग्न, आणि मलाच पत्ता नाही!

२३ जुलै
खिडकी झाली. आई भाकरी थापत होती, मी मुद्दाम दारात उभा. धूर सरळ बाहेर. ती भाकरी उलटत राहिली. मलाच राग यायला लागला, इतकं करून एक शब्द नाही. मग म्हणाली, "माझा बाप ह्ये घर बगाया आल्ता, तवा त्यानं बी हीरच बगितली. घरी यिऊन म्हनला, पानी लई हाय."
तात्या ओसरीवर होते. ऐकलं असणार.

२४ जुलै
श्रीगोंद्याचे उद्या दहाला येणार. तात्यांनी फेटा काढून ठेवलाय.
आईनं मला चुलीपाशी बोलावलं. हळू आवाजात म्हणाली, "सुप्याला जा. त्या पोरीला इचार, आनकी काय काय बगितलं तिनं. मला बी कळू दे."
ती परत भाकरीला लागली.
सकाळच्या पहिल्या एसटीने निघतोय. लीला हो म्हणेल का, माहीत नाही. तात्यांना अजून सांगितलेलं नाही.