नक्की काढून टाकायचं?

३ नोव्हेंबर
कारखान्याने घरी बसवलं ते बरंच झालं. आज मी प्रोग्रॅमर झालो. बायकोच्या, म्हणजे ओक-जूच्या, किमचीच्या दुकानासाठी कॉम्प्युटरवर ऑर्डरींचा प्रोग्रॅम केला. पुस्तक अर्धंच वाचलंय, उरलेलं सुचेल. ओक-जू म्हणाली, हिवाळ्याआधी घरोघर किमचीचं, कोबीचं लोणचं भरून ठेवतात, तो हा हंगाम गेला तर दुकान गेलं. म्हटलं, मी आहे ना!

५ नोव्हेंबर
तिने घाईत ग्वाक आजींची ऑर्डर उडवली. चूक तिचीच. तरी मोठ्या मनाने एक चौकट टाकली: ‘नक्की काढून टाकायचं?’ हो. नाही. देखणी झालीय.

८ नोव्हेंबर, दुपार
आणखी एक उडाली. म्हणते, वाचतंय कोण, एन्टर मारते. लिफ्टमध्ये पाय टाकताच दार बंद करायचं बटण बडवणारी माणसं आम्ही. दुसरी चौकट: ‘खरंच?’ तिसरी लाल.

१२ नोव्हेंबर
आता उघडताना, बंद करताना, सेव्ह करतानाही विचारतो. ओक-जू म्हणाली, अहो, हा प्रोग्रॅम आहे की माझी सासू? कदर नाही. दिवसभर खोलीत, खालून तापवलेल्या गरम जमिनीवर पडून होतो. हल्ली काहीच वाटत नाही. उद्यापासून टेकडीवर फिरायला.

१५ नोव्हेंबर
टेकडी राहिली. बूट सापडले नाहीत. चौथ्या चौकटीचा रंग निवडत होतो, तर ओक-जू काहीतरी विचारत होती. हो म्हटलं. नक्की ना, म्हणाली. हो, हो.

१९ नोव्हेंबर
सगळ्या ऑर्डरी साफ. मीच. टेस्टिंग करताना. चौकटी चारही आल्या, वेळेवर, सुंदर. चारही वेळा हो दाबलं. म्हणजे प्रोग्रॅममध्ये दोष नाही. ओक-जूने एप्रन काढून घडी घातली.

२४ नोव्हेंबर
सकाळी दोन माणसं दुकानातला फ्रीज घेऊन गेली. शेजारच्या नामबाईंना दुकान दिलंय म्हणे. मी भडकलो. म्हटलं, मला विचारायचं तरी! ती बॅग भरत म्हणाली, विचारलं की. दुकान देऊन ताईकडे मोक्पोला जाऊ का, विचारलं. हो म्हणालात. नक्की ना, विचारलं.

दुपारच्या गाडीने ती गेली. संध्याकाळी प्रोग्रॅम उघडला. ‘नक्की उघडायचं?’ पहिल्यांदाच शांतपणे वाचलं आणि वाईट वाटलं. खूप दिवसांनी काहीतरी वाटलं, ते तिला सांगायला स्वयंपाकघरापर्यंत गेलो.