कोरा नमुना

२ जानेवारी
नवी नोकरी, नवं गाव आणि दोन्ही खोल्यांत भरपूर ऊन! मुलांच्या दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत आज रुजू झाले. जुलाबाने बेजार झालेल्या लेकरांच्या शीचे नमुने तपासायचे आणि रोटाव्हायरस या विषाणूचा कोणता प्रकार फिरतोय यावर नजर ठेवायची. सासूबाई म्हणाल्या, एवढं शिकून शेवटी शीच काय! मीही पोट धरून हसले. इथे एक रीत आहे. यंत्र दगा देत नाही ना हे पाहायला सोबत एका धडधाकट मुलाचा नमुनाही लावतात, तो कोरा, म्हणजे विषाणूविना, यायला हवा. तो मान आमच्या दीड वर्षाच्या लेकीच्या लंगोटाला मिळालाय.

९ जानेवारी
वॉर्डातल्या तीन मुलांत कुणीच कधी न पाहिलेला प्रकार सापडला. लेकीच्या नमुन्यातही तोच. प्रमुख बाईंनी मला फैलावर घेतलं, हात नीट धुतले नसतील म्हणाल्या. सगळं पुन्हा केलं, पुन्हा तेच. लेक मात्र ठणठणीत. जुलाब नाहीत, उलटी नाही. जरा गप्प आहे, इतकंच.

१३ जानेवारी
नमुने घ्यायला वॉर्डात गेले तर तिन्ही मुलं आयांच्या कुशीतून माझ्याकडे झेपावली. त्यातली धाकटी, जिला अजून बोलताही येत नाही, स्पष्ट म्हणाली, आऊ. मला आऊ म्हणणारं जगात एकच माणूस आहे, माझी लेक. घरी आले तर ते माणूस भिंतीकडे बघत बसलेलं. हाक मारली, वळली नाही.

१७ जानेवारी
दोन मुलं बरी झाली. नमुने कोरे. आता ती मला ओळखतही नाहीत — आणि लेक चालायचं विसरली. हसायचंही. डॉक्टर म्हणाले, हिला काही झालेलं नाही. नवरा म्हणतो, तूच जरा विश्रांती घे. त्याला कसं सांगू, ती घरात नाहीये. ती तिकडे आहे, त्या धाकटीच्या —

१९ जानेवारी
धाकटीला सलाईन लागू पडलं. तिची आई आनंदाने माझ्या गळ्यात पडून रडली. मला आनंद झाला नाही. धाकटी माझी ओढणी सोडेना. आऊ, आऊ — आवाज बारीक होत चाललाय. विषाणू गेला की माझी पोर कुठे जाईल?

२० जानेवारी
धाकटीचा आजचा नमुना अजून कोरा नाही. जेमतेम. काल थोडा लेकीच्या ओठांना लावून पाहिला — तिचा नमुना कोराच, तिच्यात आता टिकत नाही. दुसरं कुणीतरी हवं.
पलीकडच्या वॉर्डात पायाला प्लास्टर घातलेलं बाळ. गुटगुटीत. त्याची आई पाणी आणायला गेलीये, जाताना म्हणाली, ताई, जरा बघाल ना याच्याकडे? मी हो म्हटलं. त्याच्याशेजारी बसूनच लिहितेय. हातमोजे काढलेत. धाकटीच्या नमुन्याची कुपी उघडी. हसतंय माझ्याकडे बघून. एकच बोट, फक्त ओठांना —